दुप्पट बर्फ

डोंगरापलीकडच्या वस्तीत मुलांना घटसर्प झाला होता, आणि त्यावरचं औषध डोंगराच्या अलीकडे, मिस्त्रीच्या गॅरेजमागच्या खोलीत, फ्रिजमध्ये होतं. मधे खिंड होती. सरळ रस्ता दरडीबरोबर नदीत गेला होता, ढगांमुळे हेलिकॉप्टर उडत नव्हतं, आणि घटसर्प काही हवामान बघून थांबत नाही. घशात पडदा धरतो, तो जाड होत जातो, आणि मूल श्वासाला महाग होतं.

वायरलेसवर ही खबर देणारी बाई त्या वस्तीची परिचारिका होती. मिस्त्रीची सख्खी धाकटी बहीण, म्हणजे वहिनींची नणंद.

"आठ मुलं आहेत," खरखरीतून तिचा आवाज आला. "आज सकाळपासून माझ्या धाकट्याचाही गळा सुजलाय. त्याला धरून आठ. वहिनी आहेत का तिथे?"

"आहे, वन्सं. बोला."

"पेटी तुमच्याच हातची पाठवा. दुसऱ्या कुणाला भरू देऊ नका."

वहिनींचा ऊर भरून आला. खरं तर त्या फक्त मिस्त्रीच्या आणि त्याच्या बहिणीच्या वहिनी. पण तो हाक मारी म्हणून सगळं गावच त्यांना वहिनी म्हणे. गॅरेजमागची ती खोली त्यांचं राज्य होतं. एका भिंतीला जुने टायर, दुसरीला औषधांची खोकी, मधे घरघरणारा फ्रिज, आणि फ्रिजवर त्यांच्या अक्षरात एक पाटी: 'जेवणाचे डबे आत ठेवू नयेत. ठेवल्यास मी खाईन.' पगार नाही, मानधन नाही. मिस्त्री गाडी चालवायचा, मास्तर ओझी उचलायचे, वहिनी पेट्या भरायच्या आणि घरचे मोठे भाऊ, म्हणजे वहिनींचे यजमान, वायरलेसपाशी बसून सगळ्यांची काळजी करायचे. पुराच्या, साथीच्या, दुष्काळाच्या गावांना औषधं पोचवायची, एवढा एकच धंदा.

पहिल्याच उन्हाळ्यात त्यांची एक अख्खी पेटी जीपमध्ये तापून वाया गेली होती. ती औषधं खड्ड्यात पुरताना वहिनी रडल्या होत्या. दुधाने तोंड भाजलं की माणूस ताकही फुंकून पितो. तेव्हापासून त्या पेटीत दुप्पट बर्फ घालू लागल्या. बर्फाच्या चपट्या डब्या फ्रीझरमधून काढल्या की तशाच दगडासारख्या पेटीत, खाली एक थर, वर एक थर, चारी बाजूंनी आणखी एक. 'गरम झालं की मेलं,' हा त्यांचा मंत्र. शिवाय एकदा बंद केलेली पेटी मुक्कामाला पोचेपर्यंत कुणी उघडायची नाही, नाहीतर आत ऊन शिरतं. त्यानंतर त्यांची एकही पेटी कधी वाया गेली नव्हती.

आजवरचं त्यांचं सगळं काम सपाट, तापलेल्या मुलखातलं होतं, ही गोष्ट मात्र घाईत कुणाच्याच लक्षात आली नाही.

एका मुलाला दोन बाटल्या, या हिशेबाने अठरा बाटल्या मिळाल्या होत्या. आठ मुलांना पुरून एक जोड शिल्लक. वहिनींनी पेटी भरली, पट्टा आवळला आणि स्वतःच पाठीला लावली.

"तुम्ही येणार?" मिस्त्रीने विचारलं.

"वन्सं काय म्हणाल्या ते ऐकलंत ना, भाऊजी? माझ्या हातची पेटी माझ्याच पाठीवर जाईल."

मास्तर शाळेत चित्रकला शिकवत. देह भला थोरला, आणि स्टुलावर चढलं तरी त्यांना गरगरायचं. "डोंगर मी पुष्कळ काढलेत," ते म्हणाले, "कागदावर. तिथे पडलं तरी लागत नाही." पण सलाइनचं पोतं त्यांनी आधीच खांद्यावर घेतलं होतं.

जीप दरडीपर्यंत गेली. पुढे एका खेचरवाल्याने सामान लादलं, आणि दिवस कलेपर्यंत ते एका ओढ्यापाशी पोचले. ओढा कसला, पुराने माजलेली नदीच ती. वर दोन ओंडके टाकलेले, शेवाळाने बुळबुळीत. खेचराने एक पाय ठेवला, कान मागे टाकले आणि मुळी हलेचना. खेचरवाल्याने ओढलं, मिस्त्रीने मागून रेटलं. खेचर उसळलं! पाठीवरचं ओझं एका बाजूला कलंडलं, दोर तुटला, आणि सलाइनची पोती, तंबू, शिधा, सगळं एका दमात पाण्यात गेलं. खेचर कसंबसं मागे काठावर चढलं आणि थरथरत उभं राहिलं.

"माझं जनावर पुढे यायचं नाही," खेचरवाला म्हणाला. "आणि खरं सांगू का, तुम्हीही जाऊ नका. खिंडीत बर्फ पडतोय."

मिस्त्रीने वहिनींच्या पाठीवरच्या पेटीकडे बघितलं. ती शाबूत होती. सलाइन गेलं, तंबू गेला, पण ज्याच्यासाठी निघालो ते आहे. तो ओंडक्यावर बसला, घोड्यावर बसतात तसा, आणि सरकत पलीकडे गेला. मागून वहिनी. त्यांच्या मागून मास्तर, डोळे घट्ट मिटून, सगळ्या देवांना एकेक करून हाका घालत.

रात्र त्यांनी वाटेवरच्या एका दगडी खोपीत काढली. खायला खिशातली बिस्किटं. वारा फटीफटीतून आत येत होता, आणि मास्तरांचे दात एवढे वाजत होते की झोप कुणालाच लागेना. वहिनींनी पेटी दाराशी, वाऱ्याच्या झोतात ठेवली.

"आत घ्या की ती," मास्तर कुडकुडत म्हणाले.

"आत तीन माणसांची ऊब आहे. दाराशीच बरी ती."

उजाडताच ते निघाले. चढ असा की पुढच्याच्या टाचा मागच्याच्या नाकाशी. आधी ओली माती, मग गोटे, मग गुडघाभर बर्फ. मिस्त्रीने तिघांच्या कमरेला एकच दोर बांधला. तो पुढे, मधे वहिनी, शेवटी मास्तर. बोलायला कुणाकडे दम नव्हता. वहिनींच्या मनात मात्र धाकटा भाचा चालत होता. मागच्या खेपेला तो मामाच्या गाडीचा भोंगा वाजवून वाजवून सगळ्यांचं डोकं उठवत होता. त्याच गळ्यात आता आवाज फुटत नसेल. त्या पाय उचलत राहिल्या.

खिंडीच्या माथ्यावर एका खडकाच्या आडोशाला ते टेकले. खाली, ढगांच्या फटीतून, पलीकडची दरी दिसली. तिच्या तळाशी कुठेतरी वस्ती होती. मास्तरांनी पाण्याची बाटली काढली, तोंडाला लावली, उलटी केली, हलवली. थेंब येईना.

"घ्या," ते म्हणाले. "वहिनी, तुम्ही उगाच बर्फ आणलात. इथे तर बाहेरच पाण्याचा दगड झालाय. तुमच्या पेटीपेक्षा माझी पिशवी गार!"

ते हसले. मिस्त्रीही हसला. वहिनी हसल्या नाहीत.

त्यांनी मास्तरांच्या हातातली बाटली घेतली आणि बघत राहिल्या. मग त्यांनी पाठीवरची पेटी उतरवली आणि स्वतःचाच नियम मोडून पट्टा सोडला.

"काय करताय?" मिस्त्री म्हणाला. "उघडायची नाही ना?"

आत झाकणाला एक छोटी तापमापी टांगलेली असायची. इतकी वर्षं वहिनी तिच्यावर एकच गोष्ट बघत आल्या होत्या, पारा वर तर चढला नाही ना. आता तो शून्याच्या खाली होता. त्यांनी कडेची बाटली उचलली. आत पाणी हललं नाही. काचेमागे पांढऱ्या सुया धरल्या होत्या. शेजारची तशीच. तिच्या शेजारचीही.

"हे औषध गोठायला नको असतं," वहिनी म्हणाल्या. "गरम झालं की मरतं, तसं गोठलं की पण मरतं. मला माहीत होतं, भाऊजी. मला हे माहीत होतं. कधी वेळच आली नाही, म्हणून..."

मिस्त्री गुडघ्यावर बसला. एकेक बाटली त्याने उजेडात धरली. बर्फाच्या डब्यांना टेकलेल्या कडेच्या चार गेल्या होत्या. मधल्या चौदांमध्ये, एकमेकींच्या आधाराने, औषध अजून पाण्यासारखं हलत होतं.

"वितळवून दिल्या तर?" त्याने विचारलं.

"वितळल्या तरी मेलेल्याच. नुसतं पाणी टोचल्यासारखं होईल."

"म्हणजे सात मुलं."

"सात."

"आणि आहेत आठ." तो उभा राहिला. बर्फाच्या डब्या त्याने एकेक करून दरीत भिरकावल्या, जणू त्याच चोर होत्या. मग वळून म्हणाला, "कोणाचं मूल वगळायचं, ते तुम्हीच सांगा तिला."

मास्तर म्हणाले, "मिस्त्री, अहो..." वहिनींना वाटलं, या डब्यांच्या मागोमाग आपणही जावं. पण रडायला बसलं तर उरलेल्या चौदाही जाणार होत्या. वारा वाढत होता, आणि पेटीचं अंगसुद्धा आतून बर्फासारखं झालं होतं. तिच्यात आता काही ठेवणं म्हणजे हाताने गोठवणं.

"अंगावर बांधायच्या," त्या म्हणाल्या. "कातडीला लावून नाही, तिथे फार ऊब लागेल. बंडीवर बांधायच्या, वरून स्वेटर."

खिशातल्या बँडेजच्या गुंडाळ्या काढून त्यांनी बाटल्या पट्टीत एकेक वेटाळा देऊन गुंफल्या. सहा स्वतःच्या छातीवर, चार मास्तरांच्या, चार मिस्त्रीच्या.

"एक लक्षात ठेवा," वहिनी म्हणाल्या. "पडलात तर पाठीवर पडायचं. पुढे पडायचं नाही."

पेटी, आत फक्त चार मेलेल्या बाटल्या घेऊन, खडकाखाली राहिली.

उतार चढापेक्षा वाईट निघाला. बर्फावर काल पाणी ओघळून रात्री गोठलं होतं, त्याची काच झाली होती. मिस्त्री टाचेने खाच मारी, पाय ठेवी, पुढची खाच मारी. डावीकडे कडा होता. किती खोल ते ढगाने झाकलं होतं, तेवढंच बरं. मास्तर डोळे मिटू शकत नव्हते, म्हणून ते मिस्त्रीने मारलेल्या खाचांखेरीज जगात काहीच नाही असं धरून चालले होते.

आणि मिस्त्रीचा पाय सुटला!

तो पोटावर आदळणार, तेवढ्यात त्याने अंग पिळलं. पाठ टेकली. दोन्ही हात छातीवर आवळून तो घसरत निघाला. हात मोकळे असते तर एखादा दगड धरता आला असता. पण हात बाटल्यांवर होते. दोर ताणला. वहिनींना झटका बसला, त्या पाठीवर पडल्या, ओढल्या गेल्या. कडा जवळ येत होता.

मास्तर बसले. दोन्ही टाचा बर्फात रुतवून, सगळं वजन मागे टाकून, खाली बसले! जन्मभर त्यांच्या ज्या देहाला मुलं हसली, तो देह त्या दिवशी डोंगराला खुंटीसारखा बसला. दोर त्यांच्या कमरेत कचकन रुतला. ते ओरडलेही नाहीत. मिस्त्री कड्याच्या तोंडाशी थांबला, एक पाय हवेत.

"धरलंय," मास्तर म्हणाले. "धरलंय हो. तुम्ही सावकाश या. मी काही कुठे जात नाही."

वहिनींनी बोटांनी बर्फ उकरत खाच केली, दोर ओढला, पुन्हा ओढला. मिस्त्री वर आला तेव्हा त्याचा उजवा खांदा निखळून लोंबत होता आणि ओठ पांढरे पडले होते. पहिलं वाक्य तो बोलला ते हे: "बघा. फुटली का एखादी?"

वहिनींनी त्याच्या स्वेटरखाली हात घातला. चारही शाबूत होत्या. तेव्हा त्यांना रडू आवरलं नाही.

"रडू नका हो," तो दात चावत म्हणाला. "मघाशी मी बोललो ते..."

"बरोबर बोललात."

काच संपली तिथे एक कपार होती. मिस्त्रीला तिथपर्यंत आणलं, पण पुढे चालणं त्याच्याने होईना. दर पावलाला डोळ्यांपुढे अंधारी येत होती. त्याने डाव्या हाताने स्वेटर वर केला.

"माझ्या चार घ्या आणि जा."

"तुम्हाला एकट्याला सोडून?" वहिनी म्हणाल्या. "इथे गारठून मराल."

"पोरं तिथे मरतायत."

"मी थांबतो," मास्तर म्हणाले. "आमच्या आकाराची शेगडी जवळ असली तर माणूस गारठत नाही. माझ्याही चार घ्या, वहिनी. इथून खाली उतार सोपा आहे, हे मला आता चित्रकार म्हणून दिसतंय. फक्त माणसं धाडा."

दुसरा मार्ग नव्हता. वहिनींनी चौदाही बाटल्या अंगावर बांधल्या, आपली शाल मिस्त्रीवर टाकली आणि निघाल्या. थोडं खाली आल्यावर वळून बघितलं तर ढगाने दोघांना पुसून टाकलं होतं.

पुढचं सगळं पांढरं होतं. वाट दिसेना, कडा दिसेना, स्वतःचे पाय दिसेनात. पाणी वाजत होतं, पाणी खालीच जाणार, म्हणून त्या पाण्याच्या आवाजामागे चालल्या. तोल गेला की पाठीवर पडायचं, छाती चाचपायची, उठायचं. एकदा पडल्या तेव्हा उठावंसंच वाटेना. बर्फ मऊ होता. डोळे आपोआप मिटत होते. आणि मिटल्या डोळ्यांपुढे आठ मुलं रांगेत उभी राहिली, आणि त्या प्रत्येकाला देता देता शेवटच्यापाशी आल्या, तर हात रिकामे. शेवटचं मूल कोण, ते बघायची त्यांना छाती झाली नाही. त्या दचकून उठल्या.

मग पाण्याचा आवाजही हरवला. त्या उभ्या राहिल्या. कुठलीही दिशा सारखीच. इथवर आणून शेवटी असं?

तेव्हा खालून, उजव्या अंगाने, ठण् असा आवाज आला. थांबून पुन्हा ठण्. कुणीतरी पत्रा बडवत होतं. येणारं माणूस ढगात चुकेल म्हणून वस्तीतली माणसं सकाळपासून पाळीपाळीने रिकामा डबा बडवत बसली होती! वहिनी त्या आवाजाकडे पडत, उठत, घसरत निघाल्या, आणि अखेर कुणाच्या तरी हातांनी त्यांना धरलं.

"वर दोघं आहेत," त्या म्हणाल्या. "गोठलेल्या उताराच्या खाली, कपारीत. एकाचा खांदा गेलाय." चारजण घोंगड्या आणि दोर घेऊन तसेच वर धावले.

दवाखाना म्हणजे एक लांबट खोली होती. चूल, उकळतं पाणी, जमिनीवर अंथरुणं. आत शिरताच कानावर आला तो मुलांचा श्वास, करवतीने लाकूड कापावं तसा. नणंद उठून पुढे आली. डोळे खोल गेले होते.

"पेटी कुठाय?"

वहिनींनी स्वेटर वर केला आणि पट्टी उलगडायला लागल्या. बोटं वळत नव्हती. नणंदेने एक बाटली हातात घेतली आणि दचकली.

"कोमट आहे ही."

"खिंडीत गोठत होत्या, वन्सं. म्हणून अंगावर आणल्या. थोडी ऊब चालते, गोठलेलं चालत नाही. चौदा आहेत. चार गोठल्या. माझ्या बर्फाने गोठल्या, मी दुप्पट घातला होता." त्या एका दमात बोलून गेल्या, कारण थांबल्या असत्या तर पुन्हा बोलणं झालं नसतं. "सातच मुलांचं औषध आहे. काय ते मला बोला. पण आधी सुया भरा."

नणंदेने हातातली बाटली उजेडात धरून हलवली.

"सातच आहेत आता," ती म्हणाली.

वहिनींनी खोलीत नजर फिरवली. कोपऱ्यातलं एक अंथरूण घडी करून ठेवलं होतं.

"कधी?"

"सकाळी. उजाडता उजाडता. तुम्ही तेव्हा वरच असाल. सगळ्या बाटल्या धड असत्या तरी तिला मिळाल्या नसत्या, वहिनी." ती कोरडेपणाने बोलली, पण बोलता बोलता तिने वहिनींचा हात घट्ट धरला होता. "चला. हात धुवा. मला मुलं धरायला माणूस हवं."

आधी कातडीखाली एक थेंब. अंगावर गांधी उठते का, मूल तळमळतं का, हे बघायला थांबायचं. त्या थांबण्यासारखी शिक्षा नाही. मग खरी सुई. सगळ्यात जास्त अडकलेलं मूल आधी, असा नणंदेचा नियम होता, आणि त्या नियमात तिचा स्वतःचा मुलगा शेवटून दुसरा होता. तिने त्याच्याकडे मधे एकदाही बघितलं नाही. त्याची पाळी आली तेव्हा वहिनींनी त्याला मांडीवर घेतलं. त्याने मामीकडे पाहिलं, ओठ हलवले, आवाज निघाला नाही.

"गप्प रहा," वहिनी म्हणाल्या. "नंतर वाजव भोंगा."

एक बाई मघापासून पाणी उकळून देत होती, सुया उचलत होती, चुलीत लाकूड सारत होती. सगळं झाल्यावर तिने पेला भरून वहिनींपुढे धरला. "प्या. लांबून आलात," ती म्हणाली. वहिनी पाणी प्यायल्या. ती वळली तेव्हा नणंद हळूच म्हणाली, "तिचीच मुलगी." पेला वहिनींच्या हातात तसाच राहिला.

तिन्हीसांजेला मिस्त्रीला पाठुंगळी घेऊन माणसं उतरली. मागून मास्तर आले, एका हाताने भिंत धरत, सपाट जमिनीवरसुद्धा. सकाळपर्यंत करवतीचा आवाज विरत गेला, आणि दोन दिवसांनी वहिनींच्या भाच्याने पहिलं काही मागितलं ते मामाच्या गाडीची किल्ली.

पुढच्या महिन्यात पुन्हा एक निरोप आला, पुन्हा डोंगराकडूनच. मिस्त्री एका हाताने जीप सुरू करून बसला. मास्तर मागे चढले. गॅरेजमागच्या खोलीत वहिनींनी बर्फाच्या डब्या फ्रीझरमधून काढून टेबलावर मांडल्या आणि शेजारी खुर्ची ओढून बसल्या. डब्यांना घाम फुटत होता. आत थोडं पाणी सुटलं, की डबी औषध गार ठेवते, गोठवत नाही.

मिस्त्रीने भोंगा वाजवला. वहिनी हलल्या नाहीत. त्यांनी एक डबी उचलली, कानाशी धरून हलवली, पुन्हा खाली ठेवली. थोड्या वेळाने दुसरी. बाहेर भोंगा पुन्हा वाजला, आणि मग मास्तरांचा आवाज आला, "वाजवू नका हो, मिस्त्री. त्यांना ऐकू द्या."

भोंगा थांबला. वहिनींनी पहिली डबी पुन्हा कानाशी नेली. आत, अगदी बारीक, पाणी डचमळलं. तेव्हा त्यांनी ती पेटीत ठेवली आणि पुढची उचलली.